पाणी जातं कुठे

आमच्या घरात पहिली गाडी आली ती हौसेने नाही, आप्पांच्या डायलिसिससाठी. आप्पा म्हणजे माझे वडील. अंबरनाथच्या एका कारखान्यात तीसेक वर्षं फिटर होते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली नाहीत तोच त्यांच्या दोन्ही किडन्यांनी काम थांबवलं. दोन हजार सालानंतरच्या सहा-सात वर्षांतली ही गोष्ट. आम्ही बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यात राहत होतो आणि मशीन होतं उल्हासनगरला, कॅम्प नंबर तीनमध्ये. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी दहा ते दुपारी दोन. "एक जरी पाळी चुकली तरी फुप्फुसात पाणी भरू शकतं," असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

सुरुवातीचे तीन महिने आम्ही रिक्षाने गेलो. जाताना ठीक असायचं. येताना आप्पा पिळून काढलेल्या कपड्यासारखे व्हायचे, बसवत नसायचं, मान टाकायचे. एकदा रिक्षातच उलटी झाली आणि रिक्षावाला मध्येच उतरवायला लागला. त्या दिवशी मी त्या माणसाला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. घरी आल्यावर आईला म्हणाले, "बास झालं, गाडी घेऊ."

गाडी मिळाली कॅम्प तीनमध्येच. जीन्स शिवून घेणारा एक सिंधी शेठ होता, त्याची जुनी पांढरी गाडी. सीटखालून पुढे वर्षभर निळे धागे निघत होते. गाडी चालवायला मी शिकले, कारण भाऊ सुरतेला नोकरीला होता आणि घरात दुसरं कोणी नव्हतं. मी तेव्हा चौतिशीची, बिनलग्नाची. संध्याकाळी घरी आठवी-नववीच्या शिकवण्या घ्यायचे, त्यामुळे सकाळ मोकळी असायची. गल्लीतले लोक मी गाडी मागे घेताना गॅलरीत येऊन उभे राहायचे. मी काच खाली करून विचारायचे, "काय, तिकीट काढलंय का?"

डायलिसिसच्या माणसाला सगळ्यात जास्त छळते ती तहान. सुई टोचल्याचं आप्पांनी कधी काही वाटून घेतलं नाही. पण प्यालेलं पाणी अंगातून बाहेर पडत नाही, ते साठतं, म्हणून दिवसभराचं पाणी ठरवून दिलेलं असतं. आप्पांना पाऊण लिटर. त्यातच चहा, त्यातच आमटी, त्यातच गोळ्या गिळायचा घोट. मी एका प्लास्टिकच्या बाटलीवर मार्करने रेघ मारली होती. सकाळी भरायची, आणि संपली की संपली. ऐन उन्हाळ्यात, लोडशेडिंगमध्ये पंखा बंद पडलेला असताना, हे पाळायला लावणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. आप्पा मागायचे नाहीत. फक्त कोणी पाणी प्यायला लागलं की त्या माणसाच्या गळ्याकडे बघत बसायचे. शेवटी आम्ही सगळेच स्वयंपाकघरात जाऊन, पाठ करून पाणी प्यायला लागलो.

गाडी पहिल्यांदा तापली ती मार्चमध्ये. बदलापूर सोडून अंबरनाथच्या रस्त्याला लागलो होतो. काटा लाल रेघेला टेकला आणि बोनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. मी गाडी कडेला घेतली, उतरले, बोनेट उघडलं आणि ओढणी हातात गुंडाळून सरळ रेडिएटरच्या झाकणाला हात घातला.

"हात काढ!"

आप्पा इतक्या जोरात ओरडतील असं मला वाटलं नव्हतं. वर्षभरात तो आवाज ऐकला नव्हता. दार उघडून, एका हाताने गाडीला धरत, ते पुढे आले.

"तोंड भाजून घ्यायचंय का? आत उकळतंय ते. झाकण काढलंस तर सगळं अंगावर येईल. थांब. वीस मिनिटं थांबायचं."

"वीस मिनिटं? दहाला मशीन आहे!"

"मग चेहरा जळल्यावर जा मशीनला. दोघं शेजारी झोपू."

आम्ही थांबलो. मग त्यांनी गाडी पुसायचं फडकं घेतलं, झाकणावर ठेवलं, तळव्याने दाबून थोडंसंच फिरवलं. सूऽऽ करून वाफ निघाली. ती पूर्ण निघेपर्यंत थांबले, मग झाकण काढलं. इंजिन चालू करायला लावलं आणि बाटलीतलं पाणी बारीक धारेने हळूहळू ओतलं. "गरम लोखंडावर एकदम गार ओतायचं नाही, तडा जातो." झाकण उलटं करून पाहिलं, अंगठ्याने आतलं रबर चाचपलं, आणि लावून टाकलं. मला म्हणाले, "हीटर लाव. पूर्ण."

"आप्पा, मार्च आहे."

"इंजिनाची गरमी आत येईल. तेवढंच त्याला बरं."

उल्हासनगरपर्यंत आम्ही दोघं हीटर लावून घामाने निथळत गेलो, आणि आप्पा चक्क हसत होते. किती दिवसांनी कोणीतरी त्यांचं ऐकत होतं! आजारी माणसाला सगळे सांगतात, हे खा, ते खाऊ नका, झोपा, उठा. त्याला कोणी विचारत नाही. त्या दिवसापासून गाडीचं पाणी हे खातं आप्पांचं झालं. निघायच्या आधी मी एक लिटरची बाटली भरून द्यायची, ते बोनेट उघडायचे, मी आत बसून काट्याकडे बघत राहायचे. थोड्या वेळाने बोनेट धाडकन बंद व्हायचं आणि ते रिकामी बाटली घेऊन शेजारी येऊन बसायचे. "चल."

"किती लागलं?"

"सगळं."

एप्रिल लागला तशी मला काळजी वाटायला लागली. एकेका फेरीला एक लिटर! गाडीखाली थेंब नाही. मी रात्रभर पुठ्ठा टाकून पाहिला, सकाळी कोरडाठाक. तरी गाडी तापायचीच. कधी अंबरनाथच्या अलीकडे, कधी पुढे सिग्नलला. मग वीस मिनिटं थांबा, मग उशीर, मग सेंटरवर सिस्टरची बोलणी.

आप्पा मशीनवर असले की माझे चार तास मोकळे असायचे. एका शनिवारी मी गाडी जवळच्या गॅरेजला नेली. तिथल्या मेकॅनिकची एक सवय होती. प्रश्न मी विचारला तरी उत्तर तो माझ्या मागे कोणी पुरुष उभा आहे का ते बघून द्यायचा.

"मागे कोई नहीं है," मी म्हटलं. "मुझसे बात करो."

त्याने पंखा तपासला, फिरत होता. पट्टा बघितला, ठीक होता. होजपाइप दाबून पाहिले. "पानी कितना लगता है?"

"एक फेरे में एक लिटर."

त्याने शिट्टीच वाजवली. "मैडम, बाहर गिरता नहीं, मतलब अंदर जलता है. हेड गॅस्केट गया. इंजिन खोलना पडेगा. चार-पाच दिन गाडी छोडो."

मी शिकवण्या घेणारी बाई, मला गाडीतलं काही कळत नव्हतं. पण आप्पांनी सांगितलेलं लक्षात होतं, की पाणी इंजिनात जात असेल तर सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि ऑइल दुधाळ होतं. मी विचारलं, "धूर कहाँ है? ऑइल तो साफ है."

त्याने ऑइल मोजायची डिपस्टिक ओढून पाहिली, पुसली, परत पाहिली. "ऑइल तो ठीक है," म्हणाला, आणि जरा विचारात पडला. मग पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघून बोलला. त्याने आतलं सगळं पाणी काढलं आणि गर्द हिरवं कूलंट भरलं. "हफ्ताभर जितना पानी लगे डालो. अगले शनिवार लाओ. इसमें चार लिटर आता है. तीन लिटर पानी और गया, तो ये हरा रंग एकदम फीका हो जाएगा. तब इंजिन खोलेंगे. वरना कुछ और है."

ही युक्ती मला पटली. आप्पा मशीनवर होते, त्यांना त्यातलं काही माहीत नव्हतं. आणि मीही बोलले नाही, कारण इंजिन खोलायचं ऐकून ते झोपले नसते. चार-पाच दिवस गाडी नाही म्हणजे दोन फेऱ्या पुन्हा रिक्षाने, आणि आता त्यांच्यात तेवढा दमही राहिला नव्हता.

कारण दुसरीकडे वजन वाढत होतं. डायलिसिसच्या आधी माणसाला काट्यावर उभं करतात. मागच्या वेळेपेक्षा जेवढं वजन जास्त, तेवढं पाणी अंगात साठलं असं समजायचं आणि मशीनने तेवढं काढायचं. दीड-दोन किलो ठीक. आप्पांचं तीनच्या पुढे जायला लागलं. चार तासांत तेवढं पाणी खेचलं की बीपी धाडकन पडायचं, पायांत गोळे यायचे, ते दात आवळून कॉटची दांडी धरायचे. केरळकडची एक सिस्टर होती, चांगलं मराठी बोलायची. तिने मला बाजूला घेतलं.

"हे पाणी पितायत. कोणीतरी देतंय."

"कोणी देत नाही. बाटलीवर रेघ आहे."

"काटा खोटं बोलत नाही. असं चाललं तर हृदयावर येईल. एक दिवस इथेच जाईल माणूस, माझ्या हातावर. कळतंय ना?"

कळत होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती आईवर. घरात दुसरं होतं कोण? आई आमची मायाळू, शेजारणीच्या मांजरालाही उपाशी बघवत नाही तिला. घरी आल्या आल्या मी तिला धारेवर धरलं. "तुझी माया त्यांचा जीव घेणार आहे. मला फसवून देतेस ना पाणी?" आई म्हणाली, "नाही गं, तुझी शपथ." मी म्हटलं, "माझी शपथ घेऊ नकोस, मला जगायचंय." नंतर माठ उचलून माझ्या खोलीत नेला, मोरीचा नळ रात्री बाहेरून बंद केला. आई त्या रात्री जेवली नाही. माझ्या तोंडून तेव्हा जे गेलं त्याची माफी मी आजपर्यंत मागितलेली नाही. आई आता ऐंशीला टेकली आहे, आणि विषय काढायची माझी हिंमत होत नाही.

तो आठवडा तसाच गेला. मंगळवारी बाटली रिकामी, गुरुवारी रिकामी, वाटेत मात्र कुठे पाणी घालावं लागलं नाही. शनिवारी पुन्हा रिकामी. शनिवारी आम्ही निघालो तेव्हा मे महिना लागला होता. सकाळी नऊलाच रस्ता पांढरा दिसत होता. आप्पांना धाप लागत होती, पाय सुजून चपलेचा पट्टा लागत नव्हता, आणि मी मनात म्हणत होते, आज काही झालं तरी दहाच्या आत पोचायचं. बेलवली मागे पडली, पूल ओलांडला, आणि अंबरनाथ यायच्या जरा आधी काटा लालमध्ये गेला. वाफ नाही, नुसता करपट वास. मी इंजिन बंद केलं आणि गाडी तशीच घरंगळत रस्त्याकडेच्या एका घरासमोर, चिंचेखाली नेली.

"तुम्ही उतरू नका," मी म्हटलं. ते उतरू शकलेही नसते.

वीस मिनिटं. त्यांनी शिकवल्याप्रमाणे फडकं, तळवा, थोडंसं फिरवणं. फुस्ससुद्धा झालं नाही. झाकण काढून आत पाहिलं. पाणी चांगलंच खाली गेलं होतं. पण होतं ते गर्द हिरवं. मागच्या शनिवारी मेकॅनिकने ओतताना दिसलं होतं तसंच. तसूभरही फिकं नाही.

मी उन्हात उभी राहून मनातल्या मनात गणित केलं. चार लिटरमध्ये तीन लिटर साधं पाणी गेलं असतं, तर हे असं दिसलं नसतं. म्हणजे पाणी गेलंच नव्हतं. एक थेंब गेला नव्हता. मग तीन बाटल्या गेल्या कुठे? हा प्रश्न मनात येतो न येतो तोच उत्तर आलं, आणि दुसऱ्या काट्याचं, वजनाच्या काट्याचं उत्तरही तेच होतं.

बोनेट दाणकन आपटून मी त्यांच्या खिडकीपाशी गेले. रिकामी बाटली मांडीवर धरून बसले होते.

"तुम्ही प्यायलात."

त्यांनी बाटली मांडीआड सरकवली.

"गाडीचं पाणी तुम्ही प्यायलात! बोनेटच्या आड उभं राहून! महिनाभर! मी आईला काय काय बोलले माहीत आहे तुम्हाला? ऐकत होतात ना आतून? तरी तोंडातून शब्द काढला नाहीत! मरायचंय का? मरायचं असेल तर सांगा, मला कशाला रोज पहाटे उठवता?"

रस्त्यावरून जाणारा एक टेम्पो हळू झाला, ड्रायव्हरने वाकून पाहिलं. मला कसलीही पर्वा नव्हती. मी रडत होते आणि ओरडत होते.

"तहान लागते गं," आप्पा म्हणाले.

मग खिडकीबाहेर बघत, "आधी अर्धी गाडीला घालायचो, अर्धी मी. म्हटलं, मशीनवर जातोच आहे, तासाभरात काढतील. नंतर राहवेना."

"आणि गाडी? गाडी बंद पडली तर मशीनवर कसे जाणार होतात?"

त्यावर ते जे बोलले ते मला अपेक्षित नव्हतं. मान खाली घालून, एखाद्या साहेबासमोर चूक कबूल करावी तसं बोलले. "झाकणाचं रबर गेलंय. वाफ तिथून निघून जाते, म्हणून खाली सांडत नाही. नवीन झाकण बसवलं की झालं. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"पहिल्याच दिवशी?"

"बोट लावल्यावर कळतंच. सांगितलं असतं तर पाणी घालायचं कामच राहिलं नसतं." आणि मग अगदी हळू, "इतक्या वर्षांत मशीनचा फॉल्ट कधी लपवला नाही मी. कधीच नाही."

माझा राग एकदम ओसरला असं म्हणणार नाही, तसा माझा राग ओसरत नाही. पण मी हात आत घालून ती रिकामी बाटली काढून घेतली.

गाडीत घालायला तर पाणी हवंच होतं. पावणेदहा झाले होते. मी त्या घराकडे वळले तोवर घरातली बाईच ओट्यावरून उतरून येताना दिसली. पन्नाशीची, शेतकरी घरातली, गुडघ्यापर्यंत लुगडं खोचलेलं. माझं सगळं ओरडणं तिने ऐकलं असणार. तिच्या एका हातात पाण्याची बादली होती आणि दुसऱ्या हातात पितळेचा तांब्या, त्यावर पालथा घातलेला स्टीलचा पेला. तिने बादली माझ्यासमोर ठेवली आणि सरळ आप्पांच्या खिडकीशी गेली. पेला भरला.

"आधी आजोबांना पानी दे. गाडीचं मंग बघू."

"नको," मी म्हटलं. "त्यांना नको."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग डॅशबोर्डवरच्या बुद्धाच्या छोट्या मूर्तीकडे. ती मूर्ती तिला आधीच दिसली होती, हे मला नक्की माहीत आहे. आणि ती दिसूनही तिने पेला भरला होता. तिचा चेहरा उतरला.

"का गं बाय? आमच्या घरचं पानी चालत नाय का तुम्हांस?"

आता हे मला सांगायलाच हवं. आप्पा लहान असताना, त्यांच्या आईवडिलांनी दीक्षा घ्यायच्या आधी, कोकणातल्या त्यांच्या गावी शाळेतून येताना त्यांनी अशाच एका घरासमोर पाणी मागितलं होतं. त्या घरातल्या बाईने त्यांना ओंजळ धरायला सांगितली आणि ओट्यावर उभं राहून वरून पाणी सोडलं. अर्धंअधिक कोपरावरून खाली गेलं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं, मी दहावीत असताना, आणि वर म्हणाले होते, "ती वाईट नव्हती. पाणी तर दिलं." त्यानंतर त्यांनी कोणाच्या दारात कधी पाणी मागितलं नाही. कामावर जाताना घरची बाटली न्यायचे, लग्नाला गेलो तरी घरची बाटली. मला वाटायचं, माणूस स्वच्छतेचा भोक्ता आहे.

आणि आता न मागता, ओट्यावरून खाली उतरून, भरलेला पेला त्यांच्या हाताशी आला होता. नाही म्हणणारी मी होते.

आप्पांनी पेल्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. मग त्या बाईला हात जोडून म्हणाले, "तसं नाही ताई. चालतं. न चालायला काय झालं? डॉक्टरची मनाई आहे. माझ्या किडन्या गेल्यात." असं म्हणताना त्यांचा आवाज चिरकला. जीभ कोरडी पडून टाळूला चिकटत होती, त्याचा आवाज मला येत होता.

"अरे देवा," ती म्हणाली आणि पेला मागे घेतला. मनाई म्हणजे मनाई. ती वळलीसुद्धा.

सिस्टर काय म्हणाली होती ते मला आठवत होतं. एक लिटर सकाळीच पोटात गेलं आहे, तेही आठवत होतं. हे सगळं आठवत असताना मी तिच्या हातातून पेला घेतला, आणि आप्पांच्या हातात दिला.

"घ्या," मी म्हटलं.

त्यांना कळेना, मी खरंच म्हणतेय की रागाने.

"घ्या आप्पा. प्या."

त्यांनी सीटवर सरळ बसून दोन्ही हातांनी पेला धरला. हळूहळू प्यायले, घोट तोंडात घोळवून, डोळे मिटून. मी तोंड फिरवलं नाही, बघत राहिले. अर्धा पेला झाल्यावर ते थांबले. बाई म्हणाली, "घ्या की अजून." त्यांनी पेल्यावर पंजा ठेवला.

"बास. पोट भरलं."

उरलेलं त्यांनी तिच्यासमोर सांडलं नाही, तसाच पेला परत दिला. तिने तो घेतला आणि तिथेच उभ्या उभ्या, त्याच पेल्याने उरलेलं पाणी पिऊन टाकलं. काही विशेष केलं असं तिच्या चेहऱ्यावर नव्हतं, तिलाही ऊन लागत होतं. आप्पा तिच्याकडे बघतच राहिले.

मग मी इंजिन चालू केलं, आप्पा आतून सांगत होते तसं बारीक धारेने बादलीतलं पाणी घातलं, आणि झाकणाखाली सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा कापून बसवला. ट्यूब त्या बाईने गोठ्याच्या खुंटीवरून काढून दिली, मापही आप्पांनीच बोटाने दाखवलं. हीटर लावून, काचा खाली करून आम्ही निघालो. काटा अर्ध्यावर येऊन थांबला आणि पुढे हलला नाही.

सेंटरवर पोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. सिस्टर दारातच उभी होती. तिने आप्पांना काट्यावर उभं केलं, वाकून आकडा पाहिला, आणि ताठ झाली. साडेतीन किलो.

"कोणी दिलं पाणी?" तिने विचारलं. आप्पांना नाही, मला.

आप्पांनी काट्यावरूनच तोंड उघडलं. "सिस्टर, ते मीच..."

"मी दिलं," मी म्हटलं.

ती मला भर वॉर्डात, बाकीच्या पेशंटांच्या, त्यांच्या बायकांच्या, पोरांच्या समोर बोलली. शिकलेली मुलगी, बापाचा जीव घेतेस का, लाज वाटत नाही का. घरी आईला मी जे जे बोलले होते, जवळजवळ तेच. मी आयुष्यात कोणाचं ऐकून घेतलं नव्हतं. त्या दिवशी मान खाली घालून सगळं ऐकलं. आप्पा माझा दंड धरून काट्यावरून खाली उतरले, आणि कॉटपर्यंत जाईतो त्यांनी तो सोडला नाही.